तपासणीचे पैसे वसूल होतात का? हिशोब असा मांडा

बाबांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असायचं, दर वेळी चार तास. शेजारी बसून मी खर्चाची वही लिहायचे. वाढलेल्या रक्तदाबाने त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि तो दाब वर्षानुवर्षं कुणी मोजलाच नव्हता. वेळीच तपासलं असतं तर पैसे वाचले असते, असं सारखं वाटायचं. बाबांपुरतं ते खरंही असेल. पण हिशोब एकट्या बाबांचा मांडून चालत नाही.

वहीत सगळ्यात आधी हे लिहा: एकाचा आजार टळावा म्हणून किती जणांवर खर्च करावा लागतो? अमेरिकेत प्रीडायबेटिस असलेल्यांवर, म्हणजे साखर वाढलेली पण अजून मधुमेह न झालेल्यांवर, एक मोठा अभ्यास झाला, २००२ साली तो प्रसिद्ध झाला. आहार-व्यायामाच्या गटात मधुमेह ५८ टक्क्यांनी कमी झाला. तरी तीन वर्षांत एकाचा मधुमेह टळायला साधारण ७ जणांना सांभाळावं लागलं. खर्च सातांचा, बचत एकाची. आणि ७ हा फार चांगला आकडा आहे. कित्येक उपायांत तो शेकड्यांत जातो. म्हणूनच प्रतिबंधाचे बरेचसे उपाय पैसे वाचवत नाहीत, ते पैसे देऊन आरोग्य विकत घेतात. मला त्यात काही गैर वाटत नाही. उपचारही तेच करतात.

लहान मुलांच्या बऱ्याच लसी मात्र खरोखर पैसे वाचवतात. त्या चुकवू नका.

मग स्वतःला विचारा: माझं वय, घरातला आजार, तंबाखू बघता मला धोका किती? रिपोर्ट वाईट आला तर करण्यासारखं काही आहे का? दोन्हींची उत्तरं नीट देता येत नसतील तर सरसकट ‘फुल बॉडी’ पॅकेज घेऊ नका. अशा सर्वसाधारण तपासण्यांवरच्या १५ अभ्यासांचा, जवळजवळ अडीच लाख लोकांचा आढावा २०१९ मध्ये आला. मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. उलट एखादा आकडा जरा इकडेतिकडे झाला की पुढच्या तपासण्यांची रांग लागते.

रक्तदाब मात्र मोजाच. गोळ्या वर्षानुवर्षं लागतात, पैसे वसूल होतीलच असं नाही, तरी मी तो खर्च आधी करीन. पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या पातळीत. बोलू नका. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ आकडे लिहा. सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा.