पावसाळी बुरशी: नुसतं पुसून भागत नाही, या चुका टाळा

पावसाने जोर धरला की ठाण्या-नवी मुंबईत बुरशीची तक्रार नाही असं घर विरळाच. घोडबंदरचे टॉवर असोत नाहीतर वाशी-नेरूळच्या जुन्या सिडको बिल्डिंगी, चूक सगळीकडे एकच होते: दिसते तेवढीच बुरशी आपण काढतो. बुरशी वनस्पती नव्हे. ती ज्यावर वाढते त्यातच पाचकरस सोडून अन्न शोषते. तिचं खरं अंग म्हणजे आत पसरलेले बारीक तंतू. वरची हिरवी-काळी भुकटी म्हणजे तिचे बीजाणू. आंबे उतरवले म्हणून झाड जात नाही, तसंच हे.

भिंतीवर ब्लीच आणि वरून रंग

आधी ती बुरशीच आहे का, ते बघा. पांढरी, खरखरीत भुकटी पाण्याच्या थेंबात विरघळली तर तो लोणा, म्हणजे क्षार. ठिपके काळे-हिरवे असतील, बोटाला फासले जात असतील आणि कुबट वास येत असेल, तर बुरशी. दिवाळीत तिच्यावर रंग मारला तर पुढच्या पावसात ती त्याच जागी उगवते, कारण ओल तशीच असते. बाहेरच्या भिंतीची भेग, खिडकीखालची फट, बाथरूमचा पाइप यांचा बंदोबस्त आधी, रंग नंतर. पावसाचा मारा असलेल्या भिंतीला चिकटलेलं कपाट चार बोटं पुढे ओढा. खिडक्या बंद ठेवून घरात कपडे वाळवू नका. कोरड्या झाडूने बुरशी झाडलीत तर बीजाणू घरभर उडतात आणि दमेकऱ्यांना त्रास होतो. मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा. ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र कधीच करू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

पावाचा हिरवा तुकडा काढून बाकीचा खाणं

तंतू मऊ पावात केव्हाच आत गेलेले असतात. अख्खा पाव टाका. ‘पेनिसिलिनही बुरशीचंच’ हा युक्तिवाद घरोघरी ऐकू येतो. शास्त्रज्ञ अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली ते एका बुरशीत सापडलं हे खरं, पण विष तयार करणाऱ्या बुरशाही आहेत. शेंगदाणे आणि मक्यावरच्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन यकृतावर घाला घालतं. १९७४ साली गुजरात-राजस्थानच्या गावांत बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसं दगावली. हे विष भाजून किंवा शिजवून पुरतं जात नाही. काळपट, सुरकुतलेले, कडू लागणारे दाणे कुटात घालू नका.

गजकर्णावर दुकानातून मागून आणलेली ट्यूब

गजकर्ण म्हणजे कातडीवरची बुरशी. ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिलेलं असेल तर त्यात स्टेरॉइड आहे. दोन दिवसांत खाज थांबते, बुरशी मात्र पसरत राहते. डाग गेला म्हणून डॉक्टरांनी दिलेलं मलम सोडणं हीसुद्धा तीच चूक. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलेले आठवडे पूर्ण करा.

सोसायटीच्या हिरवळीवरची छत्री भाजीत

छत्री हीसुद्धा बुरशीच. वारुळावर येणारी रानातली अळंबी आदिवासी बायका पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीने निवडतात. ती नजर फोटो बघून येत नाही. हिरवळीवर उगवणारी एक मोठी पांढरी छत्री कोवळेपणी खाण्याजोगी वाटते, नंतर तिच्या खालचे पापुद्रे हिरवट होतात. ती पोटात गेली तर काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. चांदीचा चमचा काळा पडतो का, किडे तिला खातात का, या परीक्षांना काहीही आधार नाही. सर्वांत घातक जातींची लक्षणं सहा ते बारा तासांनी किंवा त्याहूनही उशिरा दिसतात, मध्येच बरं वाटतं आणि मग यकृत निकामी होऊ लागतं. बरं वाटेल म्हणून थांबू नका. उरलेला तुकडा घेऊन थेट हॉस्पिटल गाठा.

बाल्कनीतल्या कुंडीत पिवळ्या छत्र्या आल्या तर मात्र बुरशीनाशक ओतायची घाई नको. त्या खतातला पालापाचोळा कुजवतात, झाडाला त्रास देत नाहीत. औषधाने मुळांना फॉस्फरस मिळवून देणारी उपयोगी बुरशीही मरू शकते. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर तेवढ्या छत्र्या उपटून टाका. त्या खाण्याच्या नाहीत.