बुवांना कीर्तनाचा अभिप्राय देताना या चुका टाळा

सप्ताह उरकला की आपल्या बेळगाव भागात उचगाव-येळ्ळूरपासून खानापूरच्या खेड्यांपर्यंत पारावर एकच विषय असतो: यंदाचे बुवा कसे होते? सगळ्यांशी बोलून होतं, बुवांशी सोडून. कुणी बोललंच तर नको त्या वेळी.

आरती झाल्या झाल्या बोलणं ही सर्रास चूक. दोन तास उभा राहून घामाघूम झालेला माणूस, पुढे पाया पडणाऱ्यांची रांग, आणि तेवढ्यात कुणीतरी, "महाराज, जरा लांबलं बघा!" पाकीट हातात देताना तर मुळीच नको, घासाघीस वाटते. सकाळी काकडा झाल्यावर चहाला बसतील तेव्हा बोला. रात्रीच निघाले असतील तर दुसऱ्या दिवशी दुपारी फोन करा. सप्ताहाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहू नका. तिथे त्यांचे टाळकरीही असतात.

"छान झालं, पण मजा नाही आली" यातून बुवांनी काय घ्यायचं? जागा दाखवा. "दुसऱ्या चरणावर लागोपाठ तीन दृष्टांत झाले, तिथे मागच्या बायका उठायला लागल्या," एवढं सांगितलं तरी त्यांना नेमकं कळतं.

"काही समजलंच नाही" असं म्हणण्याआधी माईकवाल्याकडे बघा. मृदंगाचा आवाज चढवून ठेवलेला असतो आणि मंडपाच्या मागच्या भागात बुवांचे शब्द घुमतात. दोष ज्याचा त्याला द्यावा. लांबल्याचंही तसंच: लाऊडस्पीकर रात्री दहाला बंद करायचा असतो, हे कमिटीने कीर्तन उभं राहण्याआधी सांगायला हवं.

मोजमापही चुकतं. नारदीय कीर्तनात पूर्वरंगानंतर उत्तररंगात आख्यान येतं. वारकरी कीर्तन निरूपणाला घेतलेल्या अभंगावर उभं असतं. मग वारकरी बुवांना "आख्यान का नाही रंगवलं?" विचारण्यात अर्थ नाही. काल्याच्या कीर्तनात "फार हसवलं" ही तक्रारही तशीच. तिथे बाळकृष्णाच्या खोड्याच यायच्या.

आपल्याकडचा खास प्रश्न भाषेचा. आळंदी-पंढरपूरकडचे बुवा संस्कृत वचनांची माळ लावतात आणि कन्नड शाळेत शिकणारी आपली पोरं तोंडाकडे बघत बसतात. "जड होतं" म्हणून थांबू नका, कोणती वचनं डोक्यावरून गेली ते सांगा. पुढच्या गावी ते अर्थ आधी सांगतील. पण आपल्या बोलण्यातल्या कानडी हेलाची कुणी नक्कल करून टाळ्या घेतल्या, तर तिथे भीड नको. आम्हाला आवडलं नाही, असं तोंडावर, शांतपणे सांगावं.

आणि बुवा रागावले तर? वाद वाढवू नका, प्रश्न विचारा: "महाराज, शेवटच्या चरणाचा अर्थ पुन्हा सांगाल का?" सांगता सांगता कुठे घाई झाली ते बहुतेकांच्या आपोआप लक्षात येतं. तेही जमत नसेल, तर गावातल्या जुन्या विणेकऱ्याला पुढे करा. त्यांचं बुवा ऐकतात.