चटणी माझी, खातंही माझंच

आमच्या कराडकडे उन्हाळा लागला की घरोघरी कांदा-लसूण चटणीची गडबड असते. मी वर्षानुवर्षे ती करून दुकानात द्यायचे, दुकानदार म्हणेल तो भाव घ्यायचे. आता मोबाईलवरून थेट गिऱ्हाइकाला विकते. गटातल्या बायका विचारतात, सुरुवात कशी करू?

आधी सिमकार्ड स्वतःच्या नावावर घ्या आणि बँकेचं खातं त्याच नंबराला जोडा. मी पहिले चार महिने मिस्टरांच्या खात्याचा क्यूआर कोड दिला होता. त्यांनी कधी नाही म्हटलं नाही, तरी मिरची आणायची तर मागावं लागायचं, आणि महिन्याला किती सुटले हे मला सांगता यायचं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १०० पैकी ३३ बायकांनीच कधीतरी इंटरनेट वापरलं होतं, पुरुषांपैकी ५७ जणांनी. त्या ३३ मधल्या कितीजणींच्या हातात स्वतःचा फोन असेल, याचा मला घोर लागतो.

मग व्हॉट्सॲप बिझनेस घ्या, फुकट आहे. फोटो सकाळी दारातल्या उजेडात काढा. ट्यूबलाइटखाली चटणी विटकरी दिसते. खाली वजन, भाव, केल्याची तारीख आणि मिरची कुठली ते लिहा. रंगाला ब्याडगी, तिखटाला लवंगी, हे लोक आवर्जून विचारतात. खाण्याची वस्तू विकायची तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, तीही ऑनलाइन होते.

भाव ठरवताना वही घ्या. मिरची, खोबरं, तीळ, धणे, लसूण, तेल, डंकावरचं कांडप, पिशव्या, रिक्षाभाडं. आणि देठं खुडण्यात, कांदा तळण्यात गेलेले आपले दोन दिवस? ते आपण सगळ्याच विसरतो. गावात बाईला शेतावर जी हजेरी मिळते, तीच स्वतःला लावा. मी लावली तेव्हा कळलं, दुकानात दिलेल्या किलोमागे माझ्या हातात जवळजवळ काहीच पडत नव्हतं.

पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. एकाने दहा किलोची ऑर्डर दिली, ‘ॲडव्हान्स पाठवतोय, कोड स्कॅन करून पिन टाका’ म्हणाला. मी टाकला आणि तीन हजार गेले. असं झालं तर रडत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रार नंबरला फोन करा. स्क्रीनशॉटवर विसंबू नका. खात्यात रक्कम दिसली की मगच पार्सल बांधा, तेही दुहेरी पिशवीत, कारण चटणीचं तेल सुटतं आणि पुण्याला पोचेस्तोवर खोका डागाळतो.