प्राणिप्लवकांवर काम करायचंय? जहाजाआधी खाडी

प्रकल्पाचा विषय ठरवायची वेळ आली की मुलांच्या डोळ्यांसमोर थेट 'सागर संपदा'सारखं संशोधन-जहाज येतं. जहाजावर जागा मिळेल तेव्हा मिळेल. तोवर प्राणिप्लवक, म्हणजे पाण्याबरोबर वाहणारे बहुतेक बारीक प्राणी, शिकायला खाडीचं तोंड पुरतं, किंबहुना हात तिथेच बसतो. भाट्ये, जयगड, दाभोळ, जैतापूर, यांतली घराजवळची आणि जिथला होडीवाला ओळखीचा ती घ्या.

खाडीत ऋतूच्या आधी भरती-ओहोटी बघायची. त्याच जागी ओहोटीच्या शेवटाला आणि नंतर भरतीला जाळं ओढलं तर दोन नमुने एका खाडीचे वाटत नाहीत. भरतीबरोबर बाणकृमी (बाणासारखे पारदर्शक कृमी) आणि टेमोरासारखे समुद्रातले कोपेपॉड (कोळंबी-खेकड्यांच्या गटातले इवलेसे जीव) आत येतात. ओहोटीला कमी खाऱ्या पाण्यात तगणाऱ्या अकार्टिया या कोपेपॉडच्या जाती वरचढ असतात. म्हणून जानेवारीचा नमुना ओहोटीचा, फेब्रुवारीचा भरतीचा आणि निष्कर्षात 'ऋतुमानानुसार बदल' असं असेल, तर परीक्षकाने तो प्रबंध परतच करावा असं माझं मत. घड्याळ लावून जाण्यातही अर्थ नाही, कारण भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. तांडेल (होडीचा प्रमुख) तिथीवर चालतो, तुम्हीही तिथी धरा: दर महिन्याला तीच तिथी घेतली की भरती जवळपास त्याच वेळेला येते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याला ओढ फार, जाळं तिरकं जातं. नवख्याने अष्टमीच्या आसपासचा भांग, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी, धरावा.

जाळ्याची जाळी साधारण 200 मायक्रॉनची असते. त्यातून कोपेपॉडची नॉप्लिअस पिल्लं बरीचशी निसटतात, हे प्रबंधात स्पष्ट लिहा. तोंडाशी आत जाणारं पाणी मोजणारा फ्लोमीटर हवाच. 50 सेंटिमीटर व्यासाचं जाळं 100 मीटर ओढलं की सुमारे 20 घनमीटर पाणी गाळलं जातं. हा आकडा नसेल तर बरणीतले जीव मोजून काही उपयोग नाही. मोठे जेलीफिश आधी धुऊन बाजूला काढा, वेगळे नोंदवा. नमुना टिकवायला फॉर्मेलिन एक भाग, समुद्राचं पाणी नऊ भाग, त्यात थोडा बोरॅक्स. डीएनए काढायचा असेल तर तो वाटा वेगळा, 95 टक्के अल्कोहोलमध्ये. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहून बरणीच्या आत टाकायची. शाई फॉर्मेलिनमध्ये पसरते आणि झाकणावर लिहिलेलं झाकणाबरोबर जातं.

त्याआधी थोडं जिवंत पाणी मात्र सूक्ष्मदर्शकाखाली बघाच. कोपेपॉड उडी कशी मारतो ते फॉर्मेलिनमधल्या मढ्यावरून कळत नाही. ल्युसिफर या चिमुकल्या कोळंबीसारख्या जीवाची ती लांबलचक मान, काचेसारख्या बाणकृमीच्या पोटात अख्खा दिसणारा कोपेपॉड, खेकड्याचं काटेरी पिल्लू झोइया... घरी 'काय मिळालं?' विचारतात तेव्हा मी जवळ्याचं नाव सांगते. आपला जवळा म्हणजे असीटिस, त्याची पिल्लं याच गर्दीत असतात.

खरा कस लागतो जात ओळखताना. कॅलॅनॉइड गटातल्या कोपेपॉड नराच्या पायांची पाचवी जोडी बघावी लागते. ग्लिसरीनच्या थेंबात प्राणी आडवा करायचा, दोन बारीक सुया घ्यायच्या, एकीने धड दाबायचं, दुसरीने शेवटचा खंड अलग करायचा. पाय सुटतो आणि थेंबाच्या कडेला जाऊन बसतो, शोधत बसा! श्वाससुद्धा बेताने घ्यायचा. डीएनए आलं म्हणून हे टळत नाही, कारण डीएनए ज्यांच्याशी ताडून बघतात त्या नोंदीही अशाच कुणीतरी पाय बघून ठरवलेल्या असतात.

पावसाळ्याचे नमुने बहुतेक प्रबंधांत नसतात. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या. अशा वेळी धक्क्यावरूनच मोजलेल्या बादल्यांनी पाणी जाळ्यातून गाळा, आणि पद्धत बदलल्याचं नोंदवा. वर गोडं आणि खाली खारं पाणी असतं, तेव्हा दोन्ही थरांची क्षारता घ्या.

शिक्षणाच्या वाटा थोडक्यात: बारावी विज्ञाननंतर रत्नागिरीत शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, तिथे चार वर्षांची बीएफएस्सी (मत्स्यविज्ञानाची पदवी), नाहीतर प्राणिशास्त्रातून बीएस्सी-एमएस्सी. पुढे मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, किंवा गोव्यात 1966 साली सुरू झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. पीएचडीचा विचार असेल तर नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेची तयारी एमएस्सीतच सुरू करा, शिष्यवृत्तीचं बरंचसं गणित त्यावर ठरतं. नोकऱ्या भरमसाट नाहीत. बंदरं आणि प्रकल्पांच्या पर्यावरण अहवालांसाठी प्लवक ओळखणारी माणसं लागतात. कोळंबी-मासे बीजोत्पादन केंद्रांत पिल्लांचं जिवंत खाद्य म्हणून रोटिफर, आर्टेमिया वाढवावे लागतात, तिथेही हा हात कामाला येतो.