कोड वाचला म्हणजे बिघाड सापडला असं नाही: इंजिनचे फॉल्ट कोड बघताना या चुका टाळा

मशीनच्या मॉनिटरवर कोड झळकला की मला फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कोणता सेन्सर मागवू?" मी विचारतो, "एफएमआय किती दाखवतोय?" पलीकडे शांतता.

एक्सकॅव्हेटर असो, लोडर असो की डोझर, आजकालच्या बहुतेक अवजड मशीनच्या इंजिनांचे कोड एसएई जे१९३९ या पद्धतीने येतात. त्यात दोन आकडे असतात. एसपीएन सांगतो की तक्रार कशाबद्दल आहे: १०० म्हणजे ऑइल प्रेशर, ११० म्हणजे कूलंटचं तापमान, १५७ म्हणजे रेल प्रेशर (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या पाइपमधला दाब). एफएमआय सांगतो की तक्रार काय आहे. लोक पहिला आकडा पाठ करतात आणि दुसरा सोडून देतात. पत्त्यावरचं गाव वाचायचं आणि घर नंबर सोडायचा, तसलाच प्रकार.

११० सोबत ० आला तर पाणी खरोखर तापलंय. सेन्सर आपलं काम चोख करतोय, त्याला हात लावू नका. रेडिएटरच्या जाळीत माती बसली आहे का, फॅनचा बेल्ट सैल आहे का, कूलंटची पातळी किती आहे, ते बघा. ११० सोबत ३ आला तर सिग्नलचा व्होल्टेज जास्त आहे, आणि तापमानाच्या सेन्सरवर त्याचा अर्थ बहुतेक वेळा वायर तुटली किंवा कनेक्टर निघाला. ४ आला तर व्होल्टेज कमी, म्हणजे वायर कुठेतरी बॉडीला लागून अर्थ (ग्राउंड) होतेय. एक दुखणं पाण्याचं, बाकी दोन वायरिंगचं. तरीही तिन्ही वेळा नवा सेन्सरच बसतो. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

दोन वायरच्या तापमान सेन्सरवर माझी एक सवय सांगतो. कोड ३ चा असेल तर सेन्सरचा प्लग काढून हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) बाजूच्या दोन पिना छोट्या वायरने जोडायच्या. कोड ३ वरून ४ वर गेला की वायरिंग आणि ईसीएम (इंजिनचा कंप्युटर) दोन्ही ठीक, आता खुशाल सेन्सर बदला. गेला नाही तर सेन्सर निर्दोष आहे, वायर शोधा. ४ चा कोड असेल तर उलटं: नुसता प्लग काढायचा आणि ३ येतो का बघायचं. दोन मिनिटांचं काम आहे, पण नव्या पोरांना दोन मिनिटं दम धरवत नाही.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे मी असा चिडका झालो. एक एक्सकॅव्हेटर ताकद देत नव्हता. मॉनिटरवर ऑइल प्रेशर, बूस्ट प्रेशर (टर्बोच्या हवेचा दाब) आणि इंधनाचं प्रेशर, तिन्हींचे कोड एकदम. मी पोचेपर्यंत तिन्ही सेन्सर नवे बसले होते, कोड जागच्या जागी होते आणि आता ईसीएम मागवायची बोलणी चालू होती. यादी खाली सरकवली तर तळाशी चौथा कोड: ६२०, एफएमआय ४. ६२० म्हणजे सेन्सरना जाणारा पाच व्होल्टचा पुरवठा. तो कोणी वाचलाच नव्हता, कारण त्या नावाचा सेन्सर दुकानात मिळत नाही!

तीन सेन्सर एकाच दिवशी मरत नाहीत. मरतो तो त्यांचा सामाईक पुरवठा. चावी ऑन करून पुरवठ्याच्या पिनेवर मीटर लावला, पाचच्या जागी एक व्होल्टच्या आसपास. मग त्या लाइनवरचा एकेक सेन्सर काढत गेलो. एखादा आतून शॉर्ट असेल तर तो काढताच व्होल्टेज पाचवर उडी मारतो. सगळे काढले तरी आकडा हलला नाही, म्हणजे दोष बहुधा हार्नेसमध्ये. मग हेल्परला मीटरकडे बघायला बसवलं आणि मी हार्नेस वीत-वीत हलवत पुढे सरकलो. इंजिनच्या मागच्या बाजूला हात गेला आणि तो ओरडला, "पाच आले!" एका ब्रॅकेटच्या धारेवर हार्नेस घासून वायरचं तांबं उघडं पडलं होतं. तिथला क्लॅम्प जागेवर नव्हता. काही दिवसांपूर्वी स्टार्टर काढला होता, तेव्हा कोणीतरी क्लॅम्प सोडला आणि परत लावायचा कंटाळा केला. वायर जोडली, स्लीव्ह चढवली, क्लॅम्प लावला. चारही कोड गेले.

म्हणून एकदम तीन-चार कोड आले तर आधी त्यांच्यात सामाईक काय आहे ते विचारा: पुरवठा, अर्थ, एखादा मोठा कनेक्टर. आणि त्याआधीही बॅटरी. २४ व्होल्टच्या मशीनमध्ये स्टार्टर फिरताना व्होल्टेज १८ च्या खाली कोसळत असेल तर ईसीएम काहीबाही कोड टाकतो. ते कोड सोडवत बसू नका, बॅटरी आणि तिचे टर्मिनल बघा.

दुसरा राग कोड पुसणाऱ्यांवर. लॅपटॉप लावला की पहिलं बटण "क्लिअर". अरे, कोड कितव्या तासाला आला, किती वेळा आला, त्या क्षणी आरपीएम आणि लोड किती होता, हे सगळं, निदान काही मशीनच्या ईसीएममध्ये, पुसल्याबरोबर जातं. मी आधी फोनवर फोटो काढतो, मगच पुढचं. हवर मीटरच्या हिशेबाने हजार तासांपूर्वी एकदाच येऊन गेलेला जुना कोड मी बघत नाही. कालपासून चाळीस वेळा आलेला कोड आत्ता ॲक्टिव्ह नसला तरी तोच चोर. पुसून मशीन चालू झालं की "दुरुस्त झालं" म्हणणाऱ्याने निदान एक अख्खी शिफ्ट तिथे थांबून दाखवावं.

१०० सोबत १ आला असेल, म्हणजे ऑइल प्रेशर धोक्याइतकं पडलं असेल, तर पुसणं हा गुन्हाच आहे. डिपस्टिक बघा, ऑइलला डिझेलचा वास येतो का बघा. पातळी आणि ऑइल ठीक असेल तर मेकॅनिकल गेज लावा, आणि तो लावल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. एकाने दोन सेन्सर बदलून "नवा पीसही खराब निघाला" असं मला ऐकवलं होतं. मागून बेअरिंगचा ठोका फोनवर ऐकू येत होता.

बाकीच्या चुका पटापट:

मीटरची जाड टोकं कनेक्टरच्या पिनेत घुसवू नका. पीन पसरते आणि उद्या नवाच, येऊन-जाऊन दिसणारा बिघाड तयार. टेस्ट लॅम्प तर ईसीएमच्या वायरजवळही नको.

वेल्डिंगआधी बॅटरी सोडवा, मशीन बनवणारा सांगत असेल तर ईसीएमचे प्लगही काढा.

प्रेशर वॉशरने इंजिन धुतल्यावर दुसऱ्या दिवशी आलेल्या कोडबद्दल मला विचारू नका. कनेक्टर उघडून वाळवा.

मॉड्यूल (मशीनमधले छोटे कंप्युटर) एकमेकांशी बोलत नसल्याचा कोड असेल तर बॅटरी बंद करून त्यांना जोडणाऱ्या कॅनच्या दोन वायरींमध्ये ओहम मोजा. ६० आले तर ठीक. १२० आले तर एका टोकाचा रेझिस्टर गायब किंवा मध्ये वायर तुटली.

रेल प्रेशरचा कोड आला तर पंपाकडे धावू नका, आधी फिल्टर आणि टाकीकडून येणाऱ्या लाइनमधली हवा बघा. गळती शोधायला चालू इंजिनवर हाय प्रेशर पाइपवरून हात फिरवणाऱ्याला मी साइटवरून हाकलतो. हजार बारच्या वरचं डिझेल कातडी फाडून आत शिरतं.

आणि सकाळी, रात्रभर उभ्या मशीनला स्टार्टर मारायच्या आधी, चावी नुसती ऑन करून आकडे वाचा. कूलंट, हवा आणि इंधन यांचं तापमान जवळपास सारखं दिसलं पाहिजे. ऑइल प्रेशर शून्य. इनटेकचा (इंजिनात जाणाऱ्या हवेचा) दाब अॅब्सोल्यूट, म्हणजे निर्वात शून्य धरून, दाखवत असेल तर तो वातावरणाच्या दाबाएवढा. जो आकडा रांगेत बसत नाही, तिथून सुरुवात. माझं निम्मं काम इंजिन सुरू व्हायच्या आधीच झालेलं असतं, आणि ऑपरेटर चहाचा कप हातात धरून विचारत असतो, "अजून लॅपटॉप नाही काढला?"