संगीतसिद्धांतात संशोधनाचा विषय कसा ठरवावा

संगीतसिद्धांताचा अभ्यासक म्हणून विद्यापीठात काम करायचे असेल, तर ‘सुसंवाद (हार्मनी), लय, रचनाबंध’ एवढेच आपले संशोधनविषय म्हणून लिहू नयेत, कारण हे शब्द कोणाच्याही नावापुढे शोभतात. ऐकताना आपला कान जिथे अडखळला, ती एक जागा धरावी आणि प्रश्न तिथून काढावा.

पेटीवर सा-ग-प हा स्वरसंघात (एकाच वेळी वाजणारे स्वर, म्हणजे कॉर्ड) धरून पाहा. मग सा एक अर्धस्वर (म्हणजे पेटीवरची लगतची पट्टी) उतरवून शुद्ध नि करा, ग कोमल करा आणि प एक अर्धस्वर चढवून कोमल ध करा. आधीचा एकही स्वर उरला नाही, तरी कोणतेही बोट एका अर्धस्वरापलीकडे गेलेले नाही. त्यामुळे नवा स्वरसंघात हाताला अगदी जवळचा आणि कानाला फार दूरचा लागतो. स्वरसंघातांना मूळ स्वरावरून क्रमांक देण्याची रूढ पद्धत या स्वरसंघाताला नाव देऊ शकते, पण या जवळिकीचा उलगडा करत नाही. अमेरिकी संगीतसिद्धांतकार डेव्हिड लेविन यांनी १९८७ मध्ये, एका स्वरसंघातातून दुसऱ्यात नेणाऱ्या क्रियेलाच विश्लेषणाच्या केंद्रस्थानी आणले, आणि रिचर्ड कोन यांनी १९९६ मध्ये अशा अर्धस्वरी हालचालींच्या साखळ्या मांडून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पाश्चात्त्य संगीताचे विश्लेषण केले. जर्मन संगीतसिद्धांतकार ह्यूगो रीमान (१८४९–१९१९) यांच्या मागे पडलेल्या कल्पनांनाही या प्रवाहात नवा अर्थ मिळाला.

आपली जागा सापडली, की तिच्यासारख्या आणखी पाच-सहा जागा वेगवेगळ्या रचनांतून शोधून स्वतःच्या हाताने स्वरलिपीत उतरवाव्यात. जिथे आपला नियम लागू पडत नाही, त्या जागांची वही वेगळी ठेवावी. माझ्या मते प्रबंधाचे सर्वांत सकस प्रकरण बहुधा त्याच वहीतून निघते.

लेखन आधी परिषदेत वाचावे, आक्षेप नोंदवून घ्यावेत, आणि मगच ‘जर्नल ऑफ म्युझिक थिअरी’ (१९५७ पासून) किंवा ‘म्युझिक थिअरी स्पेक्ट्रम’ (१९७९ पासून) यांसारख्या नियतकालिकाकडे पाठवावे. अध्यापनाकडे दुर्लक्ष करू नये, कारण या विषयातील बहुतेक प्राध्यापकांना पहिल्या वर्षाचे सुसंवादाचे आणि कर्णप्रशिक्षणाचे वर्ग घ्यावेच लागतात.

अर्जातील परिचयात प्रश्न, त्यासाठी निवडलेल्या रचना आणि विश्लेषणाची पद्धत याच क्रमाने लिहावे, आणि शक्य असल्यास ती पहिली अडखळलेली जागा स्वरलिपीसह जोडावी.