परदेशात खाण काढताय? गावाचा भरोसा घालवणाऱ्या या चुका टाळा

आमच्या रावेरकडे केळीच्या बागेत बोअर मारायचा म्हटलं तरी शेजारचा पहिले येऊन विचारतो, भाऊ, माझ्या बोअरचं पाणी तर नाही ना तुटणार? आणि खनिज शोधणारी छोटी कंपनी परक्या मुलखात जाते, जमिनीत धडाधड होल मारते आणि मग तिला प्रश्न पडतो की लोकं चिडले कशाला. माझा भाचा अशाच एका कंपनीत जिऑलॉजिस्ट आहे, आफ्रिकेत. फोनवर रोज हेच रडगाणं, म्हणून लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे राजधानीतून लायसन्स आलं की काम झालं असं समजणं. पेरूमधलं तांबोग्रांदे बघा. आपल्याकडे केळी तसं तिकडे लिंबू अन् आंबा. कॅनडाच्या मॅनहॅटन मिनरल्स या छोट्या कंपनीकडे सरकारी कागद होते, पण खड्डा पडणार होता थेट गावाच्या जागेवर, हजारो लोकांना घरं सोडावी लागणार होती. जून 2002 मध्ये नगरपालिकेने मतदान घेतलं तर 90 टक्क्यांच्या वर लोकं विरोधात गेले. सरकारने ते मतदान बंधनकारक मानलं नाही, तरी 2003 संपता संपता प्रोजेक्ट गुंडाळलाच गेला. आपल्याकडे धडगाव-अक्कलकुव्यात गौण खनिजाचं लीज द्यायचं तर 1996 च्या पेसा या आदिवासी भागासाठीच्या कायद्याप्रमाणे ग्रामसभेची नाहीतर पंचायतीची शिफारस लागते. तिकडे असा कायदा नसला तरी आधी गावात जाऊन बसा ना, चहा प्या, कोण अडवतंय.

दुसरं पाणी. होल मारायच्या आधीच आजूबाजूच्या विहिरींची पातळी मोजा, पाणी तपासा, उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा, आणि बाटल्या गावकऱ्यांसमोर सील करा, कारण नंतर पाणी खराब निघालं तर ते आधीपासून तसं होतं हे तुम्ही कशाने सिद्ध करणार? काम झाल्यावर होल बुजवा. गुरं अडकतात हो त्यात.

नोकऱ्यांचं तर विचारूच नका. नुसतं ड्रिलिंग चालू असतं तेव्हा गावातल्या मोजक्याच पोरांना काम मिळतं आणि साहेब मीटिंगमध्ये शेकड्यांनी नोकऱ्या वाटून मोकळे होतात. शेअरवाल्यांना एक आकडा, गावाला दुसरा, असं तर अजिबात करू नका, पोरं मोबाईलवर दोन मिनिटात काढतात.

आणि पैसे संपले की गायब होणं! छोट्या कंपन्या शेअर बाजारातून उचललेल्या पैशावर चालतात, तो आटला की रिग, म्हणजे होल मारायचं मशीन, बंद. बंद होऊ द्या, पण सांगून जा, मजुरांचा हिशोब चुकता करून जा, नाहीतर पुढे नाव बदलून आलेल्यालाही लोकं उभं करत नाहीत.

भरोसा गेलाच असेल तर गिफ्ट, शाळेच्या वह्या-दप्तरं वाटत फिरू नका, लोकं त्याला लाच समजतात. काम थांबवा, तक्रारी लिहून घ्या, कोणती कधी मिटेल त्याची तारीख द्या. भाच्याच्या कंपनीने पाण्याचा रिपोर्ट इंग्रजी पीडीएफमध्ये पाठवला होता, वाचणार कोण? आता तो बाजाराच्या दिवशी फळ्यावर खडूने विहिरीवार आकडे लिहितो, त्यांच्या भाषेत. पहिल्या आठवड्यात एक म्हातारा आला आणि म्हणाला, माझी विहीर राहिली.